१.८ टर्बो इंजिन बांधताना सीसी वाढवावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कोडाच्या जुन्या ऑक्टेव्हिया व्हीआरएसची इंजिनं आता एकेक करून खोलायला येऊ लागली आहेत. गाड्यांना वीस वर्षं होऊन गेली. कुणाची धूर मारते, कुणाचं एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन बसलंय, तर कुणाला मुळात इंजिनाचा आवाज ऐकून झोप लागत नाही. हेड उतरलं की दुसऱ्या दिवशी प्रश्न ठरलेला असतो: "खोललंच आहे, तर दोन लिटर करून टाकू का?" गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की उत्तरं एका जागी लिहून ठेवतो. उदाहरण सगळीकडे व्हीआरएसच्या १७८१ सीसी, वीस व्हॉल्व्हच्या टर्बो इंजिनाचंच घेतलंय, कारण मी स्वतः ते बांधलंय. हिशोबाची रीत मात्र कुठल्याही इंजिनाला लागू पडते.

सीसी वाढते म्हणजे नेमकं काय बदलतं?

सीसी म्हणजे सिलिंडरांत पिस्टन जेवढी जागा व्यापत वरखाली जातात तिचं माप. त्यात दोनच गोष्टी: बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टन वरखाली जातो ते अंतर. आपल्या इंजिनात बोअर ८१ मिमी आणि स्ट्रोक ८६.४ मिमी. चार सिलिंडर मिळून १७८१ सीसी.

बोअर अर्धा मिमी वाढवला की १८०३, एक मिमी वाढवला की १८२५. थेट ८३ पर्यंत नेला तर १८७०. बोअर आहे तोच ठेवून ९२.८ मिमी स्ट्रोकची क्रँक (पिस्टनच्या वरखाली जाण्याने फिरणारा दांडा) घातली की १९१३. दोन्ही केलं, ८३ आणि ९२.८, की २००८ सीसी. लोक ज्याला "दोन लिटर स्ट्रोकर" म्हणतात तो हाच.

आकडे ओळीने मांडले की एक गोष्ट लगेच दिसते. रीबोअर (सिलिंडर आतून कापून व्यास वाढवणं) करून सीसी जवळजवळ वाढतच नाही. अर्ध्या मिमीचा रीबोअर झिजलेला सिलिंडर गोल आणि सरळ करण्यासाठी असतो, पिकअपसाठी नसतो. "मी ओव्हरसाइज पिस्टन टाकले, गाडी पळायला लागली" असं कुणी सांगितलं तर पळतेय ती नव्या रिंगांमुळे आणि नीट बसलेल्या व्हॉल्व्हमुळे.

दोन लिटर केलं तर पॉवर किती वाढेल?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टर्बो नसलेल्या इंजिनात सीसी वाढली की इंजिन प्रत्येक फेऱ्यात जास्त हवा ओढतं आणि टॉर्क जवळपास त्याच प्रमाणात वाढतो. टर्बो इंजिनात जास्तीत जास्त हवा किती येणार हे टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा, ठरवतो, आणि त्याच्या मागोमाग हेड आणि इंटरकूलर. इंजिन मोठं केलं म्हणून टर्बोचं चाक मोठं होत नाही.

समजा तुमच्या टर्बोची दमछाक होते त्या ठिकाणी १७८१ सीसीचं इंजिन दीड बार बूस्टवर (टर्बोने वातावरणाच्या वर चढवलेल्या दाबावर) चालतंय. वातावरणाचा एक बार धरून एकूण दाब अडीच बार. त्याच आरपीएमला तेवढीच हवा २००८ सीसीच्या इंजिनात घातली, तर एकूण दाब २.२ बार होईल, म्हणजे बूस्ट १.२. हवा तेवढीच, पेट्रोल तेवढंच, म्हणून वरची पॉवरही साधारण तेवढीच. कमी दाबामुळे हवा थोडी कमी तापेल आणि नॉकिंगपासून (सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप भडकून होणाऱ्या ठकठकीपासून) थोडी उसंत मिळेल. हा फायदा खरा आहे, पण लहान आहे.

मग मिळतं काय? खालचा टॉर्क मिळतो आणि बूस्ट लवकर येतो. इंजिन पावणेतेरा टक्के मोठं झालं की प्रत्येक आरपीएमला टर्बिनवर तेवढाच जास्त धूर पडतो. मोठा टर्बो जिथे ३६०० ला जागा होत होता, तो ३२०० च्या आसपास जागा होईल. चारशे आरपीएम कागदावर किरकोळ वाटतात. ताम्हिणीत दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना तेवढ्यानेच गाडी हाकेला ओ देते किंवा नुसती गुरगुरत बसते. ज्याने मोठा टर्बो लावून घाटात गाडी चालवली आहे, त्याला हे सांगायला नको.

म्हणून मी प्रश्न उलटा विचारतो: तुमची तक्रार खालची आहे की वरची? "बूस्ट उशिरा येतो" ही तक्रार असेल तर सीसीचा विचार करा. "साडेपाच हजारांनंतर दम संपतो" अशी असेल तर सीसी वाढवून दम आणखी लवकर संपेल. तिथे टर्बो, हेड, एक्झॉस्ट यांच्याकडे बघा.

टर्बो कंपनीचाच ठेवणार आहे. तरी स्ट्रोकर करू का?

नका करू. आपल्याकडे आलेल्या व्हीआरएसमध्ये १५० पीएस होते आणि २१० न्यूटन-मीटर टॉर्क १७५० आरपीएमलाच मिळायचा. म्हणजे छोटा के०३ टर्बो तसाही सिग्नल सुटताच जागा असतो. तिथे आणखी लवकर जागं करण्यासारखं काही शिल्लक नाही. मोठ्या इंजिनाला तो वरती पुरणार नाही, आणि इतक्या खर्चानंतर गाडी डिझेलसारखी चालेल: खाली भरपूर, वर ठणठणाट.

बोअर वाढवावा की स्ट्रोक?

स्ट्रोक. आणि बोअर लागेल तेवढाच, एक रेघही जास्त नाही.

कारण ब्लॉकमध्ये आहे. या ब्लॉकमध्ये एका सिलिंडरच्या मध्यापासून शेजारच्या सिलिंडरच्या मध्यापर्यंत ८८ मिमी अंतर आहे. बोअर ८१ असताना दोन सिलिंडरांच्या मध्ये ७ मिमी बीड उरतं. ८३ केला की ५ मिमी. हेडचं पॅकिंग याच चिंचोळ्या पट्टीवर बसतं आणि दोन्ही बाजूंनी स्फोटाचा दाब खातं. शिवाय ओतकामात आतले गाभे किंचित सरकलेले असतात, त्यामुळे सिलिंडरची भिंत सगळीकडे सारखी जाड असेलच असं नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही विचारा, गाभा सरकणं म्हणजे काय ते तो हाताने दाखवेल. तेव्हा ८३ करायचाच असेल तर आधी अल्ट्रासॉनिक मीटरने चारही सिलिंडरांची भिंत वर, मध्ये आणि खाली, चारही बाजूंनी मोजून घ्या. बारा जागांचे चार सिलिंडर, अठ्ठेचाळीस नोंदी. तासाभराचं काम आहे.

आणखी एक गोष्ट. आज ८३ केलात तर पुढच्या वेळी रीबोअरला जागा उरत नाही. मग स्लीव्ह बसवायची किंवा ब्लॉक बदलायचा. ८१.५ केलात तर हाच ब्लॉक आणखी दोन-तीनदा बांधता येईल. या गाड्या आता नव्याने येणार नाहीत, त्यांचे ब्लॉकही येणार नाहीत. कापलेलं बीड परत चिकटवता येत नाही. स्ट्रोक वाढवल्याचा पस्तावा झाला तर जुनी क्रँक कपाटातून काढून परत घालता येते.

८१.५ बोअर आणि ९२.८ स्ट्रोक घेतला तर १९३६ सीसी होतात. २००८ पेक्षा बहात्तर सीसी कमी. गाडी चालवताना हा फरक कुणालाही कळणार नाही, ब्लॉकला मात्र कळतो.

इंजिन अजून खोललेलं नाही. पिस्टन आधीच मागवून ठेवू का?

आधी खोला, मोजा, मग ठरवा. माझ्या इंजिनाचं हेड उतरवलं तेव्हा सिलिंडर आरशासारखे दिसत होते. होनिंगच्या (सिलिंडरच्या शेवटच्या घासकामाच्या) तिरक्या रेघा अगदी तळापर्यंत शाबूत. दोघे-तिघे बघून म्हणाले, "बोअरला हात लावू नका, नुसत्या रिंगा टाका." मग बोअर गेज लावला. पहिला, दुसरा, चौथा ठीक निघाले. तिसऱ्या सिलिंडरमध्ये गेज वरून सरकवत खाली नेला तर वरच्या रिंगच्या थांब्यापाशी काटा सहा-सात घरं पुढे जाऊन परत मागे यायचा, आणि गेज नव्वद अंशांत फिरवला की पुन्हा वेगळं माप. वर रुंद, खाली अरुंद, शिवाय गोलही नाही. नखाला काहीच लागत नव्हतं. डोळ्यांवर विसंबून रिंगा टाकल्या असत्या तर सहा महिन्यांत तेल प्यायला लागली असती.

मोजल्यावर तीनच शक्यता उरतात. सिलिंडर मापात, क्रँक मापात: मग मूळ सीसी ठेवा, रिंगा, बेअरिंग, जमत असेल तर मजबूत रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारे दांडे), आणि इंजिन बंद करा. सिलिंडर झिजलेले पण क्रँक चांगली: रीबोअर होणारच, म्हणून पिस्टन नवे येणारच. क्रँकच खराब, जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर) चरे किंवा अंडरसाइज संपलेलं (आणखी घासायला जागा नाही): आता क्रँक विकत घ्यायचीच आहे, पिस्टनही घ्यायचेच आहेत, तर लांब स्ट्रोकची का नको? हा तिसरा प्रसंग आला की स्ट्रोकरचा हिशोब खरोखर जुळतो, कारण मग स्ट्रोकरसाठी वेगळा खर्च फार थोडा उरतो.

९२.८ ची क्रँक बसते का तशीच?

बसते, कारण घराणं एकच. मेन जर्नल ५४ मिमी आणि रॉड जर्नल ४७.८ मिमी, दोन्हीकडे तेच. ही क्रँक फोक्सवॅगन घराण्याच्या दोन लिटर पेट्रोल इंजिनांमधून येते. त्यातली २.० टीएफएसआयची फोर्ज्ड (ठोकून घडवलेली), आणि टर्बोसाठी तीच घ्यावी.

पण "बसते" या शब्दात तीन-चार गोष्टी दडलेल्या आहेत. ब्लॉकची उंची क्रँकच्या मध्यापासून माथ्यापर्यंत २२० मिमी, रॉड १४४ मिमी. जुन्या स्ट्रोकचा अर्धा भाग ४३.२ वजा केला की पिनच्या (रॉड पिस्टनला जिने जोडलेला असतो तिच्या) मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंत ३२.८ मिमी उरतात. नव्या स्ट्रोकचा अर्धा भाग ४६.४, म्हणजे आता उरतात २९.६. जुना पिस्टन घातला तर तो ब्लॉकच्या वर तीन मिमी डोकावेल आणि हेडला धडकेल. म्हणून स्ट्रोकरचे पिस्टन वेगळेच लागतात. पिनही बघून घ्या: या इंजिनांमध्ये आधी २० मिमीची आणि नंतर १९ मिमीची पिन आली. रॉड आणि पिस्टन वेगवेगळ्या ठिकाणांहून मागवणाऱ्यांची फसगत इथेच होते.

पिस्टन खाली गेल्यावर त्याचा घेर तळाच्या ऑइल जेटला (पिस्टनवर तेल उडवणाऱ्या नळीला) घासत नाही ना, हे हाताने क्रँक फिरवून चारही सिलिंडरांत बघायचं. टायमिंग गिअर आणि क्रँक सेन्सरची चकती तुमच्या इंजिनाचीच लागते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत जुनी क्रँक मिळाली तर सरळ क्रॅक टेस्टिंगला न्या, मग मापं घ्या, मग पैसे पूर्ण द्या.

स्ट्रोक वाढवला की इंजिन जास्त आरपीएम घेत नाही, हे खरं का?

घेतं, पण प्रत्येक आरपीएमची किंमत वाढते. पिस्टनचा सरासरी वेग काढायची रीत सोपी आहे: स्ट्रोकची दुप्पट गुणिले आरपीएम, भागिले ६०. जुन्या स्ट्रोकला ७००० आरपीएमवर हा वेग सेकंदाला २०.२ मीटर येतो. नव्या स्ट्रोकला तोच २१.७. जुन्याइतकाच ताण ठेवायचा तर ६५०० ला थांबावं लागेल.

खरं नुकसान वेगाने होत नाही, झटक्याने होतं. पिस्टन वर पोचून थांबतो आणि उलटा फिरतो, त्या क्षणी रॉडच्या बोल्टवर सगळी ओढ येते. स्ट्रोक ७.४ टक्के वाढला, तर रॉड तेवढाच असल्याने ही ओढ नऊ टक्क्यांनी वाढते. पिस्टन हलका मिळाला तर यातलं काही परत मिळतं. म्हणून स्ट्रोकरमध्ये कंपनीचा रॉड वापरायचा विषयच नाही.

रस्त्यावरच्या गाडीत ६५०० ची मर्यादा मला अडचणीची वाटत नाही. ट्रॅकवर गिअर वाचवण्यासाठी ७५०० पर्यंत ताणणाऱ्याला वाटेल. त्याने ८६.४ च ठेवावा.

रॉड रेशोचं काय?

रॉडची लांबी भागिले स्ट्रोक म्हणजे रॉड रेशो. तो १.६७ वरून १.५५ वर येतो. पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर थोडा जास्त रेलतो, झीज थोडी वाढते. अनेक कंपन्यांची इंजिनं याच आकड्याच्या आसपास लाखो किलोमीटर चालतात. यावर झोप घालवू नका.

गाडी थरथरेल का?

चार सिलिंडरच्या इंजिनात आरपीएमच्या दुप्पट गतीने होणारी थरथर मुळातच असते. ती स्ट्रोकच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आपल्या हिशोबात, पिस्टनचं वजन तेच धरून, पंधरा टक्के. हे जाणवतं. स्टिअरिंगवर, आरशात, चार हजारांच्या आसपास. वर कडक पॉलियुरेथेनचे माउंट टाकले असतील तर फारच. घरच्यांना घेऊन पुणे-नाशिक करायचं असेल तर माउंट कंपनीचेच ठेवा.

कॉम्प्रेशन रेशो आपोआप वाढतो का? आपल्या पेट्रोलवर चालेल का?

वाढतो, आणि अनेक जण हेच विसरतात. रेशो म्हणजे पिस्टन खाली असतानाची जागा भागिले वर असतानाची. मूळ रेशो ९.५ धरला, तर पिस्टन वर असताना वरती ५२.४ सीसी जागा राहते. तीच जागा ठेवून नुसता स्ट्रोक वाढवला की रेशो १०.१ होतो. बोअरही ८३ केला की १०.६ च्या जवळ. टर्बोवर बूस्ट वाढवायचा विचार असेल आणि रेशो १०.६ असेल, तर ट्यूनर (इंजिनाचा संगणक सेट करणारा) टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे ओढत बसेल आणि मोठ्या इंजिनाची कमाई तिथेच जाईल.

२००८ सीसीत ९.५ टिकवायचा तर पिस्टनच्या वाटीत सिलिंडरमागे साडेसहा-सात सीसी जास्त जागा लागते. पिस्टन मागवताना हा आकडा तुम्ही लिहून द्या. विकणाऱ्याच्या पानावरचा आकडा कुठलं हेड आणि कुठलं पॅकिंग धरून काढलाय, ते विचारा. हेडला आधी कुणी फेस मारला (घासून सपाट केलं) असेल तर तुमच्या हेडमधली जागाही कमी झालेली असते. ती काचेच्या पट्टीने आणि ब्युरेटने मोजता येते, अर्ध्या तासाचं काम.

पेट्रोलचं म्हणाल, तर पंपावर आता बहुतेक ठिकाणी ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं) आहे. इथेनॉलने नॉकिंगला प्रतिकार वाढतो, ही टर्बोवाल्यांसाठी चांगली गोष्ट. पण लिटरमागची ऊर्जा कमी, त्यामुळे इंजेक्टर आणि पंप दोघांनाही जास्त पेट्रोल द्यावं लागतं. इंजिन मोठं, पेट्रोल ई-२०, वर बूस्ट वाढवलेला: तिन्ही एकत्र धरूनच इंजेक्टरचं माप काढा. वीस वर्षांपूर्वीचे रबरी पाइप याच वेळी बदलून घ्या. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं पेट्रोल २०२० पासून निवडक शहरांत मिळतं. स्पर्धेच्या दिवशी ते छान, पण गाडी रोज त्याच पेट्रोलच्या भरवशावर ट्यून करू नका. सांगोल्याच्या पुढे ते कुठे शोधणार?

मशीन शॉप निवडताना काय बघू?

माझं इंजिन आज १८२५ सीसीचं आहे, आणि ते मी ठरवलेलं नव्हतं. मला ८१.५ हवा होता. पिस्टन बाहेरून येत होते, कस्टममध्ये अडकले होते. मशीनवाल्याला मी ब्लॉक देऊन ठेवला आणि बजावलं की पिस्टन आल्यावर फायनल करा. दोन आठवड्यांनी गेलो तर ब्लॉक पुसून, तेल लावून, तयार. "साडेएक्याऐंशीच ना? करून टाकला." पिस्टन आले. त्यांचा घेर मायक्रोमीटरवर ८१.४३ भरला, बोअर ८१.५८. पंधरा शतांश मिमी गॅप. पिस्टन बनवणाऱ्याने त्याच्या निम्मा सांगितला होता. थंड इंजिनात पिस्टन डबा वाजल्यासारखा वाजला असता आणि रिंगा कधी नीट बसल्याच नसत्या. त्या चार पिस्टनांचा खोका अजून माझ्या माळ्यावर आहे. ८२ चे पुन्हा मागवले.

तेव्हा पहिला नियम: पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरिंग नाही. प्रत्येक पिस्टन मोजायचा, त्याच्यावर सिलिंडरचा नंबर घालायचा, आणि गॅप पिस्टन बनवणाऱ्याच्या कागदाप्रमाणे. फोर्ज्ड पिस्टन गरम झाल्यावर जास्त फुगतो, म्हणून त्याला कंपनीच्या पिस्टनपेक्षा जास्त गॅप लागतो. किती, ते मिश्रधातूवर अवलंबून.

दुसरं, होनिंग टॉर्क प्लेट लावून करणारा शोधा. हेडचे बोल्ट आवळले की सिलिंडर किंचित दबून वाकडा होतो. ही जाड प्लेट तेवढाच ताण देते, आणि वाकड्या अवस्थेत गोल केलेला सिलिंडर गाडीवर गेल्यावरही गोल राहतो. सगळ्यांकडे तुमच्या इंजिनाची प्लेट नसते. दोन-चार मित्रांनी मिळून एक करून घेतली तरी परवडते.

तिसरं: तो तुमच्यासमोर मोजतो का? कामात मुरलेला माणूस बोअर गेज तुमच्या हातात देतो आणि "बघा तुम्हीच" म्हणतो. अशा माणसाकडे चार पैसे जास्त गेले तरी द्या आणि त्याच्या रांगेत थांबा.

ईसीयूला मोठं इंजिन आपोआप कळेल का?

पूर्ण नाही. या गाडीतला बॉशचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आत येणाऱ्या हवेवरून सिलिंडर किती भरला याचा अंदाज बांधतो, आणि त्या हिशोबात इंजिनाची क्षमता धरलेली असते. आकडा जुनाच राहिला तर ईसीयूला वाटतं सिलिंडर जास्त भरलाय, आणि त्यावरून तो टायमिंग आणि टॉर्क चुकीच्या रकान्यातून उचलतो. ट्यूनरला नवे सीसी, नवा कॉम्प्रेशन रेशो आणि इंजेक्टरचं माप लिहून द्या. तोंडी नको.

गिअरबॉक्स आणि क्लच टिकतील?

गिअरबॉक्सच्या घराण्याचं नाव एमक्यू २५०, आणि त्यातला २५० म्हणजे न्यूटन-मीटर. कंपनीने धरलेली मर्यादा ती. लोक त्याच्यावर जातात आणि बरीच वर्षं चालवतात, पण स्ट्रोकरचा टॉर्क नेमका खालच्या आरपीएमला, कमी गिअरमध्ये, एकदम येतो. दात तिथेच तुटतात. कंपनीचे रॉडसुद्धा असेच वाकतात: ४०० न्यूटन-मीटरच्या आसपास, बहुधा तीन-साडेतीन हजार आरपीएमला पाय पूर्ण दाबल्यावर. ट्यूनरला सांगून पहिल्या-दुसऱ्या गिअरमधला बूस्ट कमी ठेवा. क्लच तर बदलावा लागेलच, तो पैशांच्या यादीत आधीच लिहा.

आरटीओ आणि विम्याचं काय?

स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरचा तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. आरसीवर सीसी लिहिलेली असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. थर्ड पार्टी विम्यात १५०० सीसीच्या वर एकच गट आहे, त्यामुळे हप्ता बदलत नाही. पण अपघातानंतर विमा कंपनीला न कळवलेला बदल सापडला तर दावा अडकू शकतो, आणि समोर जखमी माणूस असेल तर तो फक्त तुमच्या पैशांचा प्रश्न राहत नाही. पंधरा वर्षांनंतर आपल्याकडे गाडीची पुन्हा नोंदणी होते, ग्रीन टॅक्स भरावा लागतो, गाडी तपासली जाते. मोठ्या सीसीचं इंजिन फक्त ट्रॅकवर ट्रेलरने नेल्या जाणाऱ्या गाडीतच घालावं, असं माझं मत आहे. रोजच्या गाडीत झिजेपुरता रीबोअर, बस.

स्पर्धेसाठी गाडी बांधतोय. मग तरी दोन लिटर?

आधी नियमपुस्तक, मग कॅलिपर. गट सीसीवर ठरतात आणि टर्बो असेल तर सीसीला गुणक लावतात. एफआयएचा (मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेचा) पेट्रोल टर्बोचा जुना गुणक १.७ आहे. १७८१ ला तो लावला की ३०२८, २००८ ला लावला की ३४१४. गटाची रेघ मध्येच कुठे असेल तर सव्वादोनशे सीसीच्या हौसेपायी तुम्ही बलाढ्य गाड्यांच्या रांगेत उभे राहाल. जागतिक रॅलीत दोन लिटरची मर्यादा होती त्या काळातल्या लान्सर इव्होचं इंजिन १९९७ सीसी आणि इम्प्रेझाचं १९९४ सीसी होतं. रेघेच्या आत राहून सगळं लक्ष हवा, थंडावा आणि टिकाऊपणावर दिलेलं.

माझ्याकडे व्हीआरएस नाही, जिप्सी आहे. १.३ मोठं करू का?

जिप्सीचं १२९८ सीसी इंजिन टर्बोशिवाय चालतं, म्हणून तिथे सीसीचा फायदा थेट मिळतो. पण बोअर ७४ वरून ७५ केल्याने चिखलात काही फरक पडत नाही. जुन्या बलेनोचं १५९० सीसीचं इंजिन घालण्याचा मार्ग ऑफरोडवाल्यांनी फार पूर्वीच शोधलाय. त्याचा बोअर ७५ आणि स्ट्रोक ९०. खालचा टॉर्क लांब स्ट्रोकमधूनच येतो. कायद्याचं वरचं उत्तर इथेही तसंच लागू.

पैसे मोजकेच आहेत. आधी कशावर खर्च करू?

फोर्ज्ड रॉड आणि चांगले बोल्ट. मग मशीनिंग. मग ऑइल पंप, आणि पिकअपची जाळी काढून स्वच्छ करणं. या इंजिनात तिथे काळा गाळ साचतो आणि तेलाअभावी बेअरिंग जातं. मग वॉटर पंप, टायमिंग बेल्ट, सगळे सील. मग क्लच, मग टर्बो. यानंतर काही उरलं, आणि क्रँक तशीही बदलायची असेल, तर स्ट्रोकर.

१.८ वरच थांबलात, त्याचा पस्तावा होतो का?

होत नाही. माझ्या गाडीत जीटी २८ वर्गातला टर्बो आहे, साधारण साडेतीन हजारांना जागा होतो. घाटात मी एक गिअर खाली ठेवतो. मित्राच्या १९१३ सीसीच्या गाडीत बसलो की खालचा फरक पाठीला कळतो, आणि खरं सांगायचं तर हवाहवासा वाटतो. त्याची क्रँक जर्नलवर चरे पडून गेली होती, म्हणून त्याचा हिशोब जुळला. माझी पॉलिश करून मापात आली. नव्या इंजिनाने आतापर्यंत अकरा हजार किलोमीटर केले. पहिलं तेल पाचशेला बदललं, फिल्टर कापून पसरून बघितला, बारीक चंदेरी पूड होती, कण नव्हता. शेवटच्या कॉम्प्रेशन टेस्टला चारही सिलिंडर एका रेघेत आले, तिसराही.